रायपूर ते पुणे, दारापासून दारापर्यंत

"तुले घरी पोचायले किती वेळ लागते?"

रायपूरच्या चौबे कॉलोनीत मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मला वाटलं, ऑफिसातून या घरी यायला. म्हटलं, "पंधरा-वीस मिनिटं, काका."

"इथं नाही. तुझ्या घरी. आई-बाप कुठं असतात?"

"बाबा नाहीत. आई पुण्याला असते, भावाकडे. आम्ही मूळचे वर्ध्याचे."

"पुणे," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. कुणी दुखऱ्या जागेवर बोट ठेवावं तसा त्यांचा चेहरा झाला. "मग किती वेळ?"

"पावणेदोन तास. थेट विमान आहे."

"पावणेदोन तास हवेतले. अन् जमिनीवरचे कुठं गेले?"

मग त्यांनी उभ्याउभ्याच बोटांवर मोजायला सुरुवात केली. इथून माना विमानतळ चाळीस मिनिटं. तिथं दीड तास आधी. पावणेदोन तास हवेत. उतरून बाहेर यायला अर्धा तास. विमानतळापासून भावाच्या दारापर्यंत पुण्याची गर्दी धरून एक तास. "म्हणजे साडेपाच तास. पण विमान दिवसातून एकच. ते आत्ताच गेलं असलं तं? चोवीस अधिक साडेपाच. तुझी आई साडेपाच तासांवर पण आहे अन् साडेएकोणतीस तासांवर पण आहे. कवा कोणती, ते तुझ्या हातात नाही."

मी खोली बघायला आले होते.

"अहो, पोट्टीले पाणी तं द्या आधी!" आतून काकूंचा आवाज आला. पाणी आलं, खोली दिसली, ठरली. जिना उतरताना काका मागून म्हणाले, "पाखराले दार नसते, बेटा. म्हणून त्याचं अंतर सरळ. माणसाले दोन दारं असतात."

हे वाक्य मी पुढे तीन वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही.

काकांचं वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. अंगाने किरकोळ, पांढरा हाफ शर्ट, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. मूळचे तुमसरकडचे, रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. सेक्शन कंट्रोलर होते. कंट्रोल रूममध्ये बसून, स्टेशनमास्तरांशी फोनवर बोलत, कोणती गाडी पुढे काढायची आणि कोणती बाजूच्या लूप लाइनवर उभी करायची हे ठरवण्याचं काम. प्रत्येक गाडीची रेघ समोरच्या मोठ्या चार्टवर ओढायची. आडवी वेळ, उभी स्टेशनं. रेघ तिरपी म्हणजे गाडी चालू. रेघ आडवी झाली म्हणजे गाडी उभी.

"आडवी रेघ पाहिली का आजही हात फोनकडे जाते," ते म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी माणसांचा चार्ट सुरू केला. बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या बाजूच्या भिंतीवर तो लावलेला असे. भाडेकरू, नातेवाईक, शेजारचे दोन म्हातारे, प्रत्येकाचं जवळचं माणूस कुठे राहतं आणि तिथवर पोचायचे रस्ते कोणते, हे सगळं पेन्सिलीने. माझी ओळ आठ दिवसांत चढली. रायपूर ते पुणे. थेट विमानाची रेघ, मुंबईवरून जाण्याची, नागपूरला गाडीने जाऊन तिथून विमान घ्यायची, आणि आगगाडीची. विमानाचं वेळापत्रक बदललं की ते खोडरबर घेऊन बसत.

त्यांना एकच मुलगी. ती भिलाईला दिलेली, पाऊण तासावर. काकू सांगत, तिला हैदराबादचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनियर, घर मोठं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हैदराबादचे विमान दिवसातून किती?" स्थळ तिथंच मोडलं. "पोरीले विचारलं पण नाही यायनं," काकू म्हणाल्या, "नशिबानं भिलाईचा जावई बरा निघाला. नाही तं मी यायले सोडलं नसतं."

एकदा खालच्या खोलीसाठी एक तरुण इंजिनियर आला. घर आसामात, जोरहाटच्या पुढे एका गावात. काकांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, गावाचं नाव कागदावर लिहून घेतलं. दहा मिनिटं हिशोब केला. मग फार ओशाळून म्हणाले, "बाबू, आपका घर बहुत दूर पड़ता है. कोलकाता होकर भी उन्नीस घंटे. मेरे से इतना टेंशन नहीं होगा."

तो मुलगा हसला. त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी जिन्यावर उभी होते. मला कळलं की हा माणूस खोलीबरोबर भाडेकरूची काळजीही अंगावर घेतो, आणि त्याच्याकडे जागा संपली आहे.

स्वतः काका आयुष्यात विमानात बसले नव्हते. पण माझ्या खोलीपासून माना विमानतळापर्यंतचा रस्ता त्यांनी स्कूटरवरून वेगवेगळ्या वेळी जाऊन मोजला होता. सकाळी शाळा भरताना, दुपारी, दिवाळीच्या आठवड्यात. सदर बाजारात काकूंच्या तुटलेल्या पैंजणाला डाग द्यायचा असला तरी ते एक तास आधी निघत आणि दुकान उघडायच्या आत शटरसमोर उभे असत. माझ्या दारामागच्या खिळ्याला त्यांनी एक कापडी पिशवी लावायला लावली होती. एक जोड कपडे, चार्जर, ओळखपत्राची प्रत. "ही काढायची नाही," म्हणाले. मी आधी मैत्रिणींना सांगून हसत असे.

दुपारी दोनच्या सुमारास ते फोन घेऊन गच्चीवर जात. फोनवर उडती विमानं दिसतात, तसलं काहीतरी जावयाने त्यांना लावून दिलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी कपडे वाळत घालत असले की आकाशात एक चकाकता ठिपका दाखवून म्हणत, "पाह्य, गेलं तुझं पुणं. आता उद्या दुपारपर्यंत आई साडेएकोणतीसवर."

पहिलं वर्ष मी हसले. दुसऱ्या वर्षी हसू कमी झालं. आईचं वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी ठणठणीत. तरी दुपारी ऑफिसात दोन वाजले की माझी नजर आपोआप घड्याळाकडे जायची. विमान गेलं, आता उद्यापर्यंत रस्ता बंद. आईचा फोन आला की नंबर बघताच मी जागेवरून उठून उभी राहायची, आणि ती विचारायची, "अगं, मेथीची भाजी केलीस का?" काकांची भीती अशी जिना चढून माझ्या खोलीत आली होती आणि मला तिची सवय होत चालली होती.

एकदा वैतागून मी त्यांना म्हटलं, "काका, काहीच झालं नाही तर?"

"तं चांगलंच आहे ना," ते म्हणाले. "आपण काही व्हावं म्हणून नाही करून राहिलो."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दादाचा फोन आला. आई न्हाणीघराच्या दारात पडली होती. उजवा हात-पाय हलत नव्हता. बोलणं जड. ॲम्ब्युलन्स येऊन गेली होती, दादा विमानतळाजवळच्या हॉस्पिटलमधूनच बोलत होता. "मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणतात. शुद्धीवर आहे. तुझं विचारते. दुपारचं थेट विमान घे आणि ये."

मी अनवाणीच जिना उतरले. काका दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. मी काय बोलले मला आठवत नाही, पण त्यांनी वस्तरा खाली ठेवला, घड्याळ पाहिलं, आणि माझ्या देखत त्यांचा चेहरा बदलला. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना शांत बघितलं.

"अवं, हिले चहा दे. साखर जास्त." मग भिंतीपाशी गेले. "दोन रस्ते आहेत. थेट विमान पावणेदोनले उडते, साडेतीनले उतरते. तू हॉस्पिटलात सव्वाचारले. दुसरं, मुंबईचं विमान नऊ पंचवीसले. सव्वाअकराले मुंबई. तिथून टॅक्सी. साडेतीनच्या आत तू आईपाशी. पाऊण तास वाचते."

"दादा म्हणतो थेट ये."

"तुझा दादा तिथं आहे. त्याले तिथलं पाहू दे." आवाज अगदी थंड होता, कामाचा. "पावणेदोनपर्यंत तू इथं काय करशील? उभी राहशील. अन् ते विमान लेट झालं तं? उभ्या गाडीची वाट पाह्यची नाही, बेटा. चालत्या गाडीत बसायचं."

मला थेट जायचं होतं. मनातून मला मुंबईचा रस्ता नको वाटत होता, का ते सांगता येत नव्हतं. पण तीन वर्षं ज्या माणसाने या एका दिवसाची तयारी केली, त्याच्यापुढे मी काय बोलणार? मी म्हटलं, "बरं."

त्यांनी एका गालाला साबण तसाच ठेवून स्कूटर काढली. सात पन्नासला आम्ही विमानतळाच्या रस्त्याला होतो. विमानतळाच्या दारात ते म्हणाले, "उतरली का फोन कर. टॅक्सीत बसली का कर. दर टप्प्यावर कर." साबण वाळून गालावर पापुद्रा झाला होता. लोक बघत होते.

मुंबईचं विमान वेळेवर उतरलं. पावणेबाराला मी टॅक्सीत होते. मी फोन केला तेव्हा काका म्हणाले, "पाच मिनिटं पुढं आहेस." त्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं, बरं वाटल्याचं रडू. दादाचा फोन आला, आई बोलतेय, अडखळत का होईना बोलतेय, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत.

सव्वा वाजता घाट सुरू झाला, आणि एका वळणावर पुढच्या गाड्यांचे मागचे लाल दिवे एकामागून एक पेटत आमच्यापर्यंत आले. ड्रायव्हरने ब्रेक लावला. पाच मिनिटांनी इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी तो उतरून पुढे जाऊन विचारून आला. वर एक लांब ट्रेलर आडवा झाला होता. क्रेन यायची होती.

काकांचा फोन आला. "कुठं आहेस?"

"घाटात."

"चालून राहिली ना गाडी?"

"हो, काका."

ते म्हणाले, "इंजिनाचा आवाज नाही येऊन राहिला."

बाहेर कुणीतरी गाडीचं दार उघडून लहान बाळाला कडेवर घेऊन फिरवत होतं. उतरून चालत जावं असं मला वाटत होतं. पण चालत कुठवर जाणार? मागे वळायला जागा नव्हती.

"किती वेळ झाला उभी आहे?"

"पंचवीस मिनिटं."

"समोर काय आहे?"

मी सांगितलं. मग ते म्हणाले, "मी बसवलं तुले तिथं," आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या दिवसात त्यांचा फोन आला नाही.

साडेतीन वाजले तेव्हा मी घाटातच होते. तीन पस्तीसला फोनवर बघितलं. थेट विमान पुण्याला वेळेवर उतरलं होतं. चार वाजता दादाचा फोन, आईची शुद्ध कमी होतेय, ऑपरेशन करावं लागेल. सव्वाचारला गाड्या हलल्या. पाच वाजता आईला आत नेलं. पाच पन्नासला मी हॉस्पिटलच्या जिन्यात होते.

दादा म्हणाला, "पावणेपाचपर्यंत तिनं तुला ओळखलं असतं. तुझ्याशी काहीतरी बोलायचं म्हणत होती. मी म्हटलं मला सांग, तर नाही म्हणाली."

आई वाचली. पण तिची वाचा गेली. ऐकत होती, माणसं ओळखत होती, पण शब्द सापडत नव्हता. पंधरा दिवसांनी एक शब्द तोंडातून आला तो "उद्या". मग तोच राहिला. पाणी हवं तरी "उद्या", उशी टोचली तरी "उद्या", माझा चेहरा हातात घेऊनही "उद्या". माझ्याशी तिला काय बोलायचं होतं ते विचारायची सोय नव्हती. मी विचारलंही एकदा. तिने डोळे मोठे केले, ओठ हलवले आणि शेवटी रडत तेच म्हणाली.

महिन्याभराने मी रायपूरला परत आले. फाटक वाजलं तरी काका बाहेर आले नाहीत. काकूंनी मला जवळ घेतलं. बैठकीतल्या भिंतीवर चार्ट नव्हता, त्याच्या जागी फिकट चौकोन होता.

आठवडा गेला. काका माझी चाहूल लागली की मागच्या अंगणात जात. मला बरंच वाटत होतं, कारण मला त्यांचा राग आला होता. रात्री डोळे मिटले की दादाचं "थेट ये" ऐकू यायचं. पाऊण तास वाचवायला निघालेल्या माणसाने माझा नेमका तोच पाऊण तास घालवला होता, आणि मी मान डोलावून "बरं" म्हटलं होतं. मी दुसरी खोली शोधायला लागले. पुरानी बस्तीत एक पाहूनही आले.

हे काकूंना कळलं. एका संध्याकाळी त्या वाटीत पोहे घेऊन वर आल्या आणि पलंगावर बसल्या.

"जायचं असंल तं जा, बाई. पण एक ऐकून जा. यायचा बाप कसा गेला, तुले माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

काकांची नोकरी तेव्हा नवीन होती. सकाळची ड्यूटी. त्यांनी चार्टवर दुपारी सुटणाऱ्या एका पॅसेंजर गाडीला मधल्या छोट्या स्टेशनावर लूपमध्ये टाकलं, मागून कोळशाच्या दोन मालगाड्या काढायच्या होत्या म्हणून. रोजचंच काम. ड्यूटी संपता संपता गावाहून निरोप आला, वडील अत्यवस्थ. ते धावत स्टेशनावर गेले आणि मिळाली त्या गाडीत बसले. तीच पॅसेंजर होती. त्या छोट्या स्टेशनावर ती उभी राहिली. एक तास चाळीस मिनिटं. डब्यातली माणसं शिव्या देत होती. काकांना ठाऊक होतं, पहिली मालगाडी कोणती जाईल आणि तिच्यानंतर किती वेळाने दुसरी. खिडकीतून त्या दोन्ही जाताना त्यांनी पाहिल्या.

"घरी पोचले तं बाप जाऊन वीस मिनिटं झाली होती," काकू म्हणाल्या. "हात गरम होता म्हणते. मले लग्नानंतर सात वर्षांनी सांगितलं. पोरीले अजून सांगितलं नाही."

मी पोहे खाल्ले नाहीत. तशीच खाली गेले. काका मागच्या अंगणात बादली पालथी घालून त्यावर बसले होते.

"काका, माझ्याशी बोलत काहून नाही तुम्ही?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "काय बोलू? माफी मागितली तं तू म्हणशील, नाही काका, तुमची चूक नाही. उगाच तुले खोटं बोला लागंल. म्हणून नाही मागत."

"मी तसं म्हणणार नव्हते."

आता त्यांनी पाहिलं.

"मला राग आहे तुमचा," मी म्हटलं. "दादा थेट ये म्हणत होता. मलाही थेटच जायचं होतं. तुम्ही ऐकलं नाही."

"हव," ते म्हणाले. छत्तीसगढी माणूस साधं हो म्हणतो, तसं. "नाही ऐकलं."

मी रडले. ते बादलीवरून उठले नाहीत, समजूत घातली नाही. पण ते तिथून गेलेही नाहीत, हे मला त्या वेळी पुरलं. अंधार पडायला लागला तेव्हा ते म्हणाले, "माफी तुझ्यापाशी नाही मागत. ज्यायचा पाऊण तास गेला, त्यायच्यापाशी मागतो. मले तुझ्या आईकडे ने."

मागच्या दारातून काकू म्हणाल्या, "मी नाही येत. तुमची तुम्ही मागा."

मे महिन्यात आम्ही दोघं थेट विमानाने पुण्याला निघालो. सामान तपासताना त्यांनी पट्टा, घड्याळ, चष्मा, खिशातली पेन्सिल सगळं ट्रेमध्ये ठेवलं आणि हात वर करून उभे राहिले. खिडकीची जागा मी त्यांना दिली होती, पण ते बाहेर बघेनात. विमान सुटलं तसे त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं त्रिशरण म्हणत असतील. कान देऊन ऐकलं तर ते मिनिटं मोजत होते.

पुण्यावर आल्यावर विमान उतरेना. खाली तीच टेकडी, तेच पाण्याचं टाकं दुसऱ्यांदा दिसलं. वैमानिकाने सांगितलं, थोडा वेळ लागेल. काकांनी खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला की नखं पांढरी पडली.

"लूपवर टाकलं आपल्याले," ते म्हणाले.

तिसरी फेरी सुरू झाली. मग पहिल्यांदाच त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं.

"खाली कोणीतरी बसला असंल, कानाले फोन लावून," हळूच म्हणाले. "त्याच्यापाशी काही कारण असंल. त्याले काय माहीत, वर कोण कोणाकडे जाऊन राहिलं."

दांड्यावरची त्यांची बोटं सैल झाली. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. उतरेपर्यंत काढला नाही.

आई खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. मी ओळख करून दिली. काका उभेच राहिले. हात जोडून, एखाद्या वरिष्ठ साहेबापुढे जबाब द्यावा तसे म्हणाले, "ताई, त्या दिवशी पोरीले मी चुकीच्या रस्त्यानं पाठवलं. ती थेट येत होती. मी नाही येऊ दिलं. तुमचं जे बोलायचं होतं, ते माझ्यामुळं राहिलं."

आईने सगळं ऐकलं. तिचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. मग डावा हात उचलून ती म्हणाली, "उद्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

"ती सगळ्यालाच उद्या म्हणते, काका," दादा म्हणाला.

काकांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला, धुतलेला शर्ट घालून, ते पुन्हा आईसमोर उभे राहिले आणि तेच सगळं पहिल्यापासून बोलले. एक शब्द कमी नाही. दादा दारातून निघून गेला, त्याला ते बघवेना. आई पुन्हा म्हणाली, "उद्या." या वेळी जरा जोरात. काका म्हणाले, "बरं, ताई."

तिसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं. टॅक्सी खाली आली होती. काका तासभर आधीपासून बूट घालून तयार. निघता निघता ते आईच्या खोलीत गेले. या वेळी ते काही बोलायच्या आधीच आईने डाव्या हाताने त्यांची बाही पकडली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम आला. मला वाटलं आता रडेल.

"ब... बसा," आई म्हणाली.

तीन महिन्यांत तिच्या तोंडून आलेला हा दुसरा शब्द होता, आणि तो जागेवर बसला होता. दादा धावत आला. माझ्या हातात फोन वाजत होता, टॅक्सीवाला विचारत होता किती वेळ. मी घड्याळ पाहिलं. माझ्याच तोंडून निघालं, "काका, उशीर होईल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहीवरच्या आईच्या बोटांकडे. दुसऱ्या हाताने त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.